गुरुवारचं लॅक्टेट

सोम., ३ फेब्रु.
सर्जन सरांचा लेख आला. पोटाला मार लागलेले रुग्ण, रक्तातलं लॅक्टिक आम्ल, म्हणजे लॅक्टेट. आत रक्तस्राव असेल तर ते चढतं. चढलं की पोट उघडायचं का, हा प्रश्न. इंग्रजी माझ्याकडे, जर्नलची मुदत पुढचा सोमवार, दु. ३.
लेखकांत तिसरं नाव मधुराचं, सरांच्या रिसर्च असिस्टंटचं. आठ महिन्यांपूर्वी लागलेली! सरांचे सहा लेख मी लिहून दिले. मी कायम आभारात, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी.

मंगळ., ४
मधुराचे पेढे. "काकू, पहिला तुम्ही. तुमच्याकडूनच तर शिकले."
पेढा चांगला होता. तेही खटकलं.
घरी हे म्हणाले, "वर्तमानपत्रात वीस वर्षं बिननावाचं लिहिलंस, तेव्हा नाही टोचलं ते?" तेव्हा शेजारच्या टेबलाचंही नाव येत नसे.

गुरु., ६
चूक शोधायलाच बसले. कबूल. लेखातला रुग्णांचा तक्ता वारांप्रमाणे लावला. गुरुवारचे आकडे सरसकट चढे. हिंजवडीत दुचाकीचं हँडल पोटात बसलेला इंजिनिअर: लॅक्टेट बघून पोट उघडलं, आत काहीच नाही. तोही गुरुवारचाच.

शुक्र., ७
कॅज्युअल्टीतल्या सिस्टर: "अहो मॅडम, गुरुवारी आमचं लॅक्टेटचं मशीन सफाईला बंद. रक्ताच्या नळ्या वरच्या लॅबला. वॉर्डबॉय मामा चहा पिऊन सगळ्या एकदम नेतात."
"बर्फात ठेवून?"
"बर्फ सरबताला मिळत नाही इथे."
नळीत रक्त पडून राहिलं की त्यातलं लॅक्टेट वाढतच जातं. म्हणजे ते आकडे रुग्णांचे नव्हेत, मामांच्या चहाचे. आणि नमुन्यांवर लक्ष ठेवायचं काम मधुराचं.
इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मग तो इंजिनिअर आठवला. असा लेख छापून आला तर आणखी कितीजणांची पोटं...

रवि., ९
दोन मेल. एक सरांना, मुद्देसूद, प्रत मधुराला. दुसरा फक्त मधुराला: गुरुवार वगळून बघ, सरांना तूच सांग. पहिला दहा मिनिटांत झाला. दुसरा दुपारभर चालला.
एकही पाठवला नाही.

सोम., १०
अडीचला मधुरा आली. "काकू, झालं ना? पाठवू?"
बस म्हटलं. चहा सांगितला. तक्ता तिच्याकडे वळवला. "गुरुवार बघ." पडून राहणाऱ्या नळ्यांचंही सांगितलं.
एकेका आकड्यावर बोट ठेवत खालपर्यंत गेली. "गुरुवारी मी कधी खाली कॅज्युअल्टीत गेलेच नाही," म्हणाली. रडेल वाटलं. रडली नाही.
"आज लेख जाणार नाही, मी सरांना सांगते." दारापर्यंत गेली, थांबली. "काकू, कुणाला सापडलं म्हणून सांगू?"
चहा आला. तिचा कप तिच्यापुढे सरकवला. ती उभीच.