तिन्ही कवळ्यांना दहापैकी दहा

प्रिय लारिसा,

जूनमध्ये तू फोनवर लग्न ठरल्याचं सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून तू माझ्याशी हवापाण्यापुरतंच बोलतेस. तुझं काही चुकलं नाही. पण पोरी, त्या वेळी माझे दात टेबलावर होते आणि हिरड्या सोलून निघाल्या होत्या. बोलायला गेलो असतो तर तुला नुसत्या शिट्ट्या ऐकू आल्या असत्या.

झालं असं, की शहरातल्या दंतमहाविद्यालयाला अभ्यासासाठी तोंडाचं अर्धवट बोळकं झालेली माणसं हवी होती. समोरचे चार दात आणि दोन दाढा गेलेला मी आयताच सापडलो. काढता-घालता येणाऱ्या तीन तऱ्हेच्या कवळ्या, एकेक महिनाभर वापरायची आणि तिला गुण द्यायचे. प्लास्टिकची इतकी जाड, की बटाटा भरलेली पिरोगी खाल्ली काय नि पुठ्ठा खाल्ला काय, सारखंच. लवचीक होती ती दिसायला अगदी देखणी, पण चावताना चिमटे काढायची. धातूची मात्र पातळ आणि घट्ट. हसलो की एक तार दिसते, एवढंच. ती घालून मी अंगणात सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलो, कित्येक वर्षांनी!

आणि या शहाण्याने काय करावं? तिन्हींना दहापैकी दहा! आपल्या गावात तक्रार कोण करतं? पायावरून ट्रॅक्टर गेला तरी "ठीक चाललंय" म्हणणारी माणसं आपण. शिकाऊ डॉक्टर ओडेट बिचारी गोंधळली. "अहो, मग कायमची कुठली देऊ?" मी म्हणालो, "तुम्हाला सोपी पडेल ती." तिने प्लास्टिकची दिली.

काल परत गेलो आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला तोंडावर सांगितलं, की मला त्रास होतोय, मला धातूचीच हवी. "एवढंच आधी सांगायचं ना!" ओडेट म्हणाली. गुरुवारी मिळेल.

काल जाण्याचं आणि आज लिहिण्याचं कारण एकच. परवा तारासकाका बोलता बोलता म्हणाला, की लग्नाच्या दिवशी दारात पाव-मीठ घेऊन आई-बापाने द्यायचा तो आशीर्वाद द्यायला तू त्याला सांगितलंयस. बाबांना हे लग्न पसंत नाही, असंही म्हणालीस म्हणे. लारिसा, तुझा डेव्हिन मला फार आवडतो. तू जाणार म्हणून जीव कासावीस होतो, ते वेगळं. तुझी आई असती तर तो पाव आम्ही दोघांनी धरला असता. आता मला एकट्याला धरू दे.

तुझाच,
बाबा