उलटा धागा

प्रिय धागेवाल्या,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. ग्रंथालयातली आपली खोली तशीच आहे, खिडकीची कडी अजून लागत नाही, आणि बाइंडिंगवाले काका निवृत्त होऊनही रोज येतात, डिंक कुणी पातळ केला म्हणून भांडतात. तुझ्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय. मला तो प्रिंटर मुळीच आवडत नाही.

त्या घड्याळजीने बायकोला लिहिलेली पत्रं आठवतात? चारशे पत्रं संगणकात घालायची होती. मी मार्कअप करायचे, म्हणजे मजकुरात खुणा घालायचे. तारीख इथे, नाव इथे, परिच्छेद इथे संपला, असे कप्प्यात कप्पे. तू नाती जोडायचास. ही त्याची बहीण, हे दुकान त्या गल्लीतलं, असे इकडून तिकडे धागे. दोन्हींचं काही केल्या जमेना. घड्याळजीचं वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्यावर संपायचं, आणि माझ्या कप्प्यांना अर्धं आत, अर्धं बाहेर चालत नाही. तू म्हणायचास, कप्पेवाली बाई, माणसं कप्प्यात मावत नसतात. मी म्हणायचे, मग तुझे धागे कशाला बांधायचे, हवेला? शेवटी तोडगा तूच काढलास. मी प्रत्येक वाक्याला आणि माणसाला क्रमांक द्यायचा, आणि तू वेगळ्या यादीत त्या क्रमांकांना धागे बांधायचे. काम करणारे आपण सगळेही त्या यादीत होतो. मी सत्तेचाळीस, काका अठ्ठेचाळीस.

मग वडिलांच्या ऑपरेशनसाठी तू तीन दिवस रजेवर गेलास. तेवढ्यात मला एक नाव दोनदा आलेलं दिसलं. एक काढलं, तर ती रिकामी जागा डोळ्यांत खुपायला लागली, म्हणून पुढचे सगळे क्रमांक एकेकाने वर सरकवले. माझी टापटीप! तुझे धागे मात्र जुन्याच क्रमांकांना बांधलेले राहिले. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर, भल्यामोठ्या पडद्यावर, घड्याळजीची सासू त्याची मुलगी निघाली. लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. ग्रंथालयाच्या प्रमुख, आपल्या मोठ्या बाईंनी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, माझंच तपासायचं राहिलं. मी मूग गिळून बसले. महिन्याभरात तू दुसरीकडे नोकरी धरलीस. माझ्या त्या गप्प बसण्यामुळेच गेलास, हे मी सात वर्षं उगाळतेय. अजूनही जिन्यात पावलं वाजली की मान आपोआप वर होते. प्रत्येक वेळी काकाच असतात.

परवा कपाट आवरताना तू रजेवर जायच्या आदल्या दिवशीची, आपल्या कामाची सीडी सापडली. क्रमांक जुनेच. एकेक धागा तपासला, सगळे बरोबर होते. शेवटचा मात्र मी आधी पाहिलेला होता. रजेवरून आल्या आल्या तू विचारलं होतंस, माझा नवा धागा पाहिलास का? मी हसून म्हणाले, पाहिला, भलतीकडेच गेलाय, काढून टाक. तू निमूट काढलास. अरे, मी क्रमांक सरकवल्यावर सत्तेचाळीस काका झाले होते, माझ्या पडद्यावर तो त्यांच्याकडे जात होता! नंतर तुला घोळ कळलाही असेल, पण एकदा ‘काढून टाक’ ऐकल्यावर पुन्हा कोण विचारतं? सीडीवर तो घड्याळजीच्या वाक्यापासून निघतो, ‘दुकानात एवढी घड्याळं आहेत, पण तू नसलीस की मला वेळ कळत नाही.’ आणि सत्तेचाळीसवर येऊन थांबतो. नात्याच्या जागी ‘बहीण’, ‘सासू’ असा ठरलेला शब्द नाही, तुझे स्वतःचे शब्द आहेत, ‘मलाही हेच म्हणायचंय.’ मी खूप रडले. चूक माझी होती, हे काल मोठ्या बाईंना सांगून टाकलं. तुला सांगायचं उरलं होतं. तूच शिकवलंस, धागा एकाच दिशेने जातो, उलटा हवा असेल तर वेगळा घालावा लागतो, यंत्र आपणहून काही धरून चालत नाही. तुझ्या घरी आता कुणी असेल तर हे पत्र फाडून टाक, मी समजेन. नसेल, तर ऐक. आज सकाळी माझ्या क्रमांकापासून तुझ्या क्रमांकापर्यंत एक धागा घातलाय. भलतीकडे गेलेला नाही. दोनदा तपासलाय.

तेव्हापासून तुझीच,
कप्पेवाली