साखळीतली एक कडी

५ फेब्रुवारी
आज कामावर रुजू झाले. घर झकास आहे. मागच्या अंगणात नळ, शेजारी सिमेंटचा ओटा, दिवसभर ऊन. गंज काढायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. बाई, म्हणजे घराच्या मालकीण, साठीच्या आणि बोलायला गोड. म्हणाल्या, वर्षानुवर्षं इथल्या लोखंडाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सुऱ्या, कात्र्या, जुनी इस्त्री, शिवणयंत्राचा पाय, ढीगभर बिजागऱ्या. आमच्या बाबांचं भंगाराचं दुकान होतं. अक्षरं गिरवायच्या आधी मी गंज खरवडायला शिकले. राहायला जिन्याखालची खोली मिळाली. ही वही एप्रनच्या खिशातच ठेवणार, मापं लिहायला बरी.

७ फेब्रुवारी
कात्र्या व्हिनेगरमधून काढल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, सोड्याच्या पाण्यात धुऊन उन्हात कोरड्या केल्या. इथेच लोक घाई करतात. आंबट राहिलं की तासाभरात गंज पुन्हा हजर! मग तेलाचा हात. बाईंनी एका कात्रीने कागद कापून पाहिला आणि हरखून गेल्या. वरच्या मजल्यावर त्यांची विधवा भावजय असते. डोक्यावर परिणाम झालाय, वर जायचं नाही, एवढंच सांगितलं.

९ फेब्रुवारी
बाईंनी आज साखळी आणून दिली. कुत्र्याची म्हणाल्या. एका टोकाला कडं आणि त्याला दाबलं की बसणारं कुलूप. ते अडखळत बसत होतं, रॉकेल सोडून मोकळं केलं. साखळीचं मात्र नवल वाटलं. सगळ्या कड्यांवर साधा गंज, पण मधली एकच कडी खाऊन खाऊन तारेएवढी झालेली, वर मिठाची पांढरी पुटं. दोन-चार महिन्यांत तुटली असती. मी लगेच बाईंना दाखवलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुपारी वेल्डर येऊन नवी जाड कडी बसवून गेला. मी पॉलिश पेपर मारून सांधासुद्धा गुळगुळीत केला. आपल्या कामाचं चीज झालं की बरं वाटतं.

१० फेब्रुवारी
सकाळी वरून रडणं ऐकू आलं. आरडाओरडा नाही. एकसुरी, दम संपेपर्यंत, मग पुन्हा. बाई शांतपणे चहा पीत होत्या.
या घरात कुत्रा नाही. मी सगळीकडे पाहिलं.

११ फेब्रुवारी
बाई बाहेर गेल्यावर वर गेले. दाराला बाहेरून नुसती कडी होती. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, घोट्यात कडं, साखळी भिंतीतल्या हुकाला. वेड्या नाहीत. घर नवऱ्याने, म्हणजे बाईंच्या भावाने, त्यांच्या नावावर करून ठेवलंय, सही देत नाहीत, म्हणून हे. अगदी हळू बोलल्या. रोजच्या जेवणातलं चिमूटभर मीठ त्या बाजूला काढायच्या, थुंकीत कालवून त्या एका कडीला लावायच्या. चार वर्षं. मग त्यांनी विचारलं, कडी कुणाच्या लक्षात आली?
मी सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं —
त्या फक्त माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

१२ फेब्रुवारी
पोलिसांत जायचं तर बाहेरच्या फाटकाला कुलूप, बाई स्वतः उघडतात. माझा फोन त्यांनी जपून ठेवायला घेतलाय. आज मागितला. चार्ज होतोय म्हणाल्या.
किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असतो. फक्त आंघोळीला काढतात.

१३ फेब्रुवारी, सकाळ
जुडगा मिळाला. वर जाते. दोघी मिळून —

नंतर
कुलूप उघडलं. वहिनी उठेनात. पायात त्राण नाही, खांद्याला धरून उठव म्हणाल्या. मी वाकले. कडं माझ्या मनगटात बसलं. आवाजही झाला नाही, तेल मीच घातलेलं. जुडगा त्यांच्या हातात. मी गयावया केली, पाया पडते म्हटलं. त्या दारात थांबल्या.
"मला चार वर्षं लागली होती," त्या म्हणाल्या. "तू तर तरुण आहेस."
माणसं पाठवा म्हटलं. त्यांनी दार ओढून घेतलं, अगदी हलकेच, निजलेल्या लेकराच्या खोलीचं ओढावं तसं.

फाटक वाजलं. त्या गेल्या.

बाई येऊन गेल्या. चिडल्या नाहीत. खोलीभर नजर फिरवली, मग माझ्यावर. सही कुणाच्याही हाताची चालते म्हणाल्या, वहिनींचं तोंड गेल्या चार वर्षांत पाहिलंय कुणी? कागद घेऊन येतायत. वहिनींची सही गिरवायला शिक म्हणाल्या. शिकेपर्यंत —

खाली फोन. माझाच आहे. दादाशी बोलतायत. मी काल न सांगता काम सोडून गेले म्हणून सांगतायत. काळजी करू नका, पोरगी गुणी होती —

होती म्हणाल्या

जिन्यावर पावलं. एकटीची नाहीत. वेल्डरचा आवाज — तो विचारतोय, हुक आणखी खाली घ्यायचा का, म्हणजे उभं राहता —