कडेच्या टोमॅटोचे गुण

४ जानेवारी
यंदा चिडायचं नाही असं ठरवलं.

४ जानेवारी, दुपार
चिडावं लागलं. टोमॅटोच्या प्लॉटजवळचा नळ पुन्हा गळतोय. नवे बूट चिखलात गेले. संशोधन केंद्र आहे की म्हशींचं डबकं? तक्रार अर्ज दिला.

९ जानेवारी
प्लॉटमध्ये पाणी मुद्दाम बेताचं देतो. कमी पाण्यात भरपूर पिकणारा वाण काढायचाय. बाकीची झाडं हडकुळी. नळाच्या बाजूचं, अगदी कडेचं झाड मात्र डेरेदार. भरपूर फांद्या, घोसाला घोस, फळ वजनदार. उत्पादन वाढवणारा एकेक गुण त्याच्या रक्तात आहे. वाणाला माझं नाव देऊ म्हणतील. दोनदा नको म्हणेन.

१७ जानेवारी
शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सल्ला दिला. कडेच्या झाडावरून निवड करू नये, म्हणे. पहिल्या वर्षालाच शिकवतात. मी म्हणालो, माझं पहिलं वर्ष कधीच संपलं. बाई आपल्या कागदांकडे वळल्या. बहुतेक पटलं असावं. जळतात.

२५ जानेवारी
समिती येणार. काम पसंत पडलं नाही तर प्रोजेक्ट बंद आणि माझी रवानगी बियाण्याच्या गोदामात. मोठ्या साहेबांनी हे हसत सांगितलं. हसण्यासारखं काय होतं?
नळासाठी तिसरा अर्ज. समितीचे बूट तरी कोरडे राहायला हवेत.

२ फेब्रुवारी
स्वयंपाकघरातला नळही गळतोय. बायको म्हणाली, "अहो, तिकडच्या नळाला एवढे अर्ज करता, घरच्यासाठी एक फोन करा." एका माणसाने किती नळ बघायचे?

५ फेब्रुवारी
माझ्या आरडाओरड्याला यश. प्लंबर आला, नळ ठणठणीत. या केंद्रात माझ्याशिवाय एक काम होत नाही.

१२ फेब्रुवारी
कडेचं झाड मान टाकून उभं. फुलं गळाली. कुणीतरी नक्की काहीतरी फवारलंय. बाईंना स्पष्ट विचारलं. त्या नळाकडे बघत राहिल्या. अपराधी माणूस नजर देत नाही.

१९ फेब्रुवारी
फळांना सुरकुत्या. याला मी विश्रांतीची अवस्था म्हणतो. समितीला तसंच सांगणार.

२० फेब्रुवारी
सांगितलं. समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, झाडाभोवती फिरले. जमिनीवरचा वाळलेला चिखल काठीने उकरला. नळ कधी दुरुस्त झाला, विचारलं. मी अभिमानाने तारीख सांगितली, पाठपुरावा माझाच म्हणालो.
ते म्हणाले, "म्हणजे या झाडातला एकमेव गुण तुम्हीच काढून टाकलात."
सगळे हसले. बाई नाही हसल्या. त्याचा जास्त राग आला.

२७ फेब्रुवारी
गोदाम. हवा कोंदट, खुर्ची मोडकी. अर्ज केलेला नाही.

६ मार्च
कडेच्या झाडाची एक फांदी मी गुपचूप आणली होती. कुंडीत लावून घरच्या गळक्या नळाखाली ठेवली. मस्त धरलीय. फुलंही आली. म्हणजे गुण होताच! समितीला सविस्तर पत्र लिहायला बसतोय.

६ मार्च, संध्याकाळ
बायकोने प्लंबर बोलावला. तोच.
काम चोख करतो, हे मान्य करावं लागेल.