कुणाचं बोट?

४ फेब्रुवारी, बुधवार

दुरुस्ती. २८ जानेवारीच्या पानावर मी लिहिलं आहे – ‘तेलवाल्याने शिळं बदामतेल दिलं, म्हणून बरणीत बुरशी आली.’ हे चूक आहे. तेल चांगलं होतं. बुरशी तेलाला नाही, पाकळ्यांना आली होती. आणि पाकळ्या माझ्या होत्या.

जुनी ओळ खोडत नाही. खोडली तर दुरुस्ती कशाची ते कळणार नाही. औषधांच्या खोक्यांतल्या पत्रकांची मुद्रितं तपासण्याची माझी नोकरी. ‘दोनदा’चं ‘दहादा’ होऊ नये म्हणून मला पगार मिळतो. आणि घरच्या वहीत ही तऱ्हा!

थंडीने गालांचे पोपडे निघताहेत, जुन्या भिंतीसारखे. विकतचं मलम लावलं की आग होते. म्हणून चेहऱ्याचं तेल घरीच करायचं ठरवलं. गुलाबाच्या पाकळ्या सावलीत वाळवायच्या, कोरड्या बरणीत भरायच्या, त्यावर तिळाचं आणि बदामाचं तेल ओतायचं – पाकळ्यांच्या वर एक बोट. चार आठवडे खिडकीत ठेवायचं, रोज हलवायचं, मग गाळायचं. यात चुकण्यासारखं काय आहे? मला विचारा. बोट आडवं धरून मी तेल ओतलं. चार दिवसांत पाकळ्या तेल पिऊन फुगल्या आणि वर डोकावल्या. डोकावलेल्यांना पांढरी लव आली. आणि मी तडक दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर तेलवाल्याला सुनावलं. त्याने पैसे न घेता दुसरी बाटली दिली होती.

उद्या माफी मागायची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. दुपारी, दुकान रिकामं असताना. माफी मागितली, बाटली परत केली. तो म्हणाला, “ताई, तक्रार करायला गर्दीच्या वेळी येता आणि माफी मागायला दुपारी?”

बरोबर आहे त्याचं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी गर्दीत पुन्हा माफी मागितली. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, “काय चोरलं होतंस, बाळ?”

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरी बरणी. या वेळी पाकळ्या अगदी चुरचुरीत वाळवल्या, बरणी उन्हात तापवली, झाकण चार वेळा पुसलं. मग तेल ओतलं आणि मापाला बोट धरलं – आडवंच. मागे आई उभी होती. कृती कुठली, असं तिने आधी विचारलं होतं, तेव्हा मी म्हटलं होतं, कामावरच्या एका पत्रकात वाचली. (खोटं. तेव्हा इथे लिहिलं नव्हतं, आता लिहिते.)

“किती तेल घालायचंय?” आई म्हणाली.

“वर एक बोट.”

“कुणाचं बोट?”

आईने पुढे येऊन माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं बोट उभं धरलं, अंगठ्याने दुसऱ्या पेरापाशी खूण करून. “आडवं नाही, उभं. आणि पूर्ण नाही, इथपर्यंत. तिच्या बोटाला वरचं पेर नाही ना.”

तिच्या म्हणजे आत्याच्या. आत्याच्या उजव्या तर्जनीचं टोक लहानपणी दाराच्या फटीत गेलं. आमच्या घरात ‘एक बोट’ म्हणजे त्या तुटक्या बोटाचं माप. हे मी विसरले आणि आई विसरली नाही! चौदा वर्षं तिने आत्याचं नाव घेतलेलं नाही. आजही घेतलं नाही. फक्त ‘तिच्या’ म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

आत्या पूर्वी आमच्याकडेच राहायची. बाबांच्या बदल्यांपायी आठव्या वर्षापर्यंत मी शाळाच पाहिली नाही. अक्षरं, पाढे, चुकलेलं न खोडता शेजारी बरोबर लिहायची सवय, सगळं आत्याने शिकवलं. तिचं बोट धरून, तेच तुटकं बोट. मी नऊ वर्षांची असताना तिने आईसाठी असंच तेल केलं. आईला दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. तेल बिघडलं होतं. सकाळी आईचा चेहरा सुजून लाल झाला. मुलाखत राहिली ती राहिलीच. आई अजून घरीच शिवणकाम करते. ती आत्याला म्हणाली होती, “माझं बरं झालेलं बघवत नाही तुला.” आत्या महिनाभरात दुसऱ्या गावी गेली. बाबा तिच्याशी फोनवर बोलतात, गच्चीत जाऊन.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मुद्रितात एक वाक्य होतं – ‘गोळ्या ओलसर झाल्यास वापरू नयेत.’ तिथेच अडकले. रविवारी मी लिहिलं आहे, ‘तेल बिघडलं होतं’. जणू तेल आपलं आपण बिघडतं.

दुरुस्ती. तेल मी बिघडवलं.

बरणी खिडकीत होती. मला वाटलं, पाकळ्या कमी आहेत. आईसाठी जास्त हव्यात. कुंडीतला ताजा गुलाब तोडला. तोंडाला लावायची वस्तू स्वच्छ हवी, हे आत्यानेच शिकवलेलं, म्हणून पाकळ्या नळाखाली धुतल्या. तीन वेळा! आणि तशाच निथळत्या बरणीत कोंबल्या. ढवळलं. झाकण लावलं. दहा-बारा दिवस पाणी तळाशी कुजत राहिलं. मी कुणाला बोलले नाही, कारण बक्षीस मिळेल असं वाटत होतं आणि ते अचानक मिळायला हवं होतं.

भांडण झालं त्या सकाळी आत्याने ती बरणी मोरीत ओतली. मी दारात उभी होते. तळाच्या काळ्या पाकळ्यांकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “जा, हात पुसून ये.” माझे हात कोरडे होते. तरी पुसून आले.

स्वल्पविराम चुकला तर मी रात्रभर तळमळते. आणि हे चौदा वर्षं दडवून ठेवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिण्यासारखं काही नाही.

दुरुस्ती. आहे. लिहीत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बरणी रोज हलवते. पाकळ्या बुडालेल्या, तेल गुलाबी होतंय. आत्याचं बोट बरोबर होतं.

आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो. त्यांना आज विचारलं, समजा एखाद्या जुन्या पुस्तकात चूक राहिली, चौदा वर्षं लोक तेच खरं मानून बसले, तर काय करावं? म्हटलं, सहज विचारतेय. ते चष्म्यावरून बघत राहिले. सहज विचारायला आलेलं माणूस आधी दार लावून घेत नसावं.

“चुकीवर कागदाची पट्टी चिकटवू नका,” ते म्हणाले. “पट्टीखाली काय आहे तेच लोक आधी वाचतात. पान बदला.”

मग म्हणाले, “आणि ते ‘सहज’ काढून टाका.”

८ मार्च, रविवार

तेल गाळलं. मऊ कापडातून, न पिळता. गडद बाटलीत भरलं. वास तोच! डोळे मिटले तर मी नऊ वर्षांची.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस बघायचं. मी बाही वर करतेय तोवर आईने स्वतःचा हात पुढे केला. “माझ्यावर बघ. मी एकदा पोळलेय, मला लगेच कळेल.”

तेव्हाच सांगायचं होतं. हातात बाटली, समोर तिचा हात, घरात दुसरं कुणी नाही. याहून चांगली वेळ छापून मिळाली नसती. मी काय म्हटलं? “जरा गार लागेल हं.”

९ मार्च, सोमवार

आईचा कोपर स्वच्छ. मी सकाळपासून नऊ वेळा पाहिला. शेवटी ती म्हणाली, हात कापून तुझ्या उशाशी ठेवू का?

संध्याकाळी तिने तेल चेहऱ्याला लावलं. आरशासमोर बराच वेळ बसली. मग आरशाकडेच बघत म्हणाली, “मी तिला नाही नाही ते बोलले. पण ती एक शब्द बोलली नाही गं. चूक नसती, तर बोलली नसती का?”

मी बाटलीचं झाकण लावत होते. लागलेलं झाकण पुन्हा लावलं.

१० मार्च, मंगळवार

कामावरून आत्याला फोन केला. नंबर बाबांच्या वहीतून घेतला. जिन्यात उभी राहून आधी चारदा पाठ केलं – आत्या, मी एक सांगणार आहे, मध्ये बोलू नकोस. तिने फोन उचलला आणि मी म्हटलं, “आत्या, तेल केलं. छान झालंय.”

तिने विचारलं, “या वेळी हात पुसले होतेस ना?”

तिला माहीत होतं. तेव्हापासून.

बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत, शनिवारी सकाळी परततील, त्यांच्याही कानावर जायला हवं. म्हणून आईला आज सांगत नाही. (ही सबब नाही. तीनदा तपासली.) शनिवार, १४ मार्च. जेवणाआधी. उभ्याने. ‘सहज’ न म्हणता.