सगळ्यात मोठा ठिपका

अण्णा, तुम्ही पोलादपूरच्या वर आपल्या वाडीतल्या शाळेत मास्तर होतात आणि मी महाडला कॉलेजात. एकदा सुट्टीत घरी आले असताना तुम्ही चुलीपाशी बसून माझी टिपणांची वही चाळलीत. पानापानांवर बाण काढलेले. "ही वही आहे की कोळ्याचं जाळं? एका पानावर एकच गोष्ट लिहावी," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापून माझ्यासमोर ठेवलेत. तुमचं म्हणणं मी पाळलं, बाण मात्र सोडले नाहीत. मी निवृत्त झाल्यावर वाडीची माहिती लिहायला घेतली, तेव्हा भाचीने संगणकावर सोय करून दिली. एका घराची एक नोंद. तिच्यात दुसऱ्या घराचा उल्लेख आला की दोन्ही नोंदी जोडून टाकायच्या. शिवाय काही नोंदी नुसती वाट दाखवणाऱ्या: 'सोयरिकी', 'पाणवठे', 'मुंबईला गेलेले'. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारख्याच, पण इथे एकच घर चार अनुक्रमणिकांत बसतं. कळ दाबली की सगळी वाडी ठिपके आणि रेघा होऊन पडद्यावर उभी राहते. ज्या घराच्या रेघा जास्त, त्याचा ठिपका मोठा. तुम्ही आधी कपाळाला आठ्या घातल्या असत्यात आणि मग खुर्ची पुढे ओढली असतीत.

यंदा ते जाळं देवळात न्यावं लागलं. दोन वर्षं शिमग्याची पालखी घरोघर गेली नव्हती. पूर्वी पायवाटेने ती आधी वरच्या आळीत पोचायची. आता डांबरी रस्ता खालच्या आळीतून येतो, म्हणून खालचे म्हणतात पहिला मान आमचा, आणि वरचे ऐकत नाहीत. पालखी यंदाही देवळातच बसणार असेल तर आम्ही येत नाही, असं मुंबईकरांनी कळवलं होतं. "बाई, तुमच्याकडं समद्या घरांचं लिवलेलं हाय, तुमीच कायतरी काढा," म्हणून मला देवळातल्या सभेचं बोलावणं आलं. मी संगणकाचा पडदा उघडला आणि सभेचा बाजार झाला.

"आमचा ठिपका एवढुसा कसा गो बाई?"

"तुज्याकडं कोन येतो चाय प्यायला?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"ज्याचा ठिपका मोठा त्याचा पयला मान," खालच्या आळीचा म्होरक्या म्हणाला. त्याचा बऱ्यापैकी मोठा होता.

ठिपका म्हणजे मान नव्हे, संबंध, असं मी त्याला जरा जोरातच सुनावलं.

"मंग ह्यो समद्यात मोठा कुनाचा?"

विहिरीजवळच्या काकीचा. ती एकटी राहते. मानाच्या घरांत तिचं घर कुणी कधी धरलं नाही. तिला जोडलेल्या नोंदी मी एकेक उघडून वाचत गेले: मुंबईला जाताना घराची किल्ली काकीकडे. पुढचं घर, किल्ली काकीकडे. वरच्या आळीतली घरं, खालच्या आळीतली घरं. काकी खांबाला टेकून बसली होती, ती वैतागून म्हणाली, "मला मानबिन काय नको. पन जे येत नायत त्यांची दारं कोन उघडनार रे? तुमी भांडत बसा."

वरच्या आळीचा म्हातारा डोकं खाजवत म्हणाला, "मंग पालखी आदी हिच्याच दारात नेऊ. ही उघडील तसं फुडं जाऊ."

खालच्या म्होरक्याने मान डोलावली. "चालंल. वरचा नाय, खालचा नाय."

आणि पालखी निघाली, अण्णा. काकी पुढे चालली आहे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, ढोल वाजतो आहे, आणि मुंबईकर पोरी बंद घरांचे ओटे झाडून घेत आहेत. मी 'पालखीची वाट' म्हणून एक नवी नोंद केली आहे. तिच्यात पहिल्या घरापासून सगळी घरं ओळीने आहेत. तुम्हाला ती आवडली असती.

एक सांगायचं राहिलं. त्या जाळ्यात आपलं घर काठावर एकटंच होतं. आपण महाडला राहायला आलो तेव्हापासून ते कुणाच्याच नोंदीत येत नव्हतं. सभा संपल्यावर मी काकीच्या ओट्यावर गेले आणि आपल्या दाराची किल्ली तिला दिली. "आता आठवन झाली होय गो?" म्हणत तिने ती जुडग्यात ओवली. मी महाडला येऊन रेघ जोडली, आणि शिमग्याला पालखी आपल्याही अंगणात थांबली. खरं तर ते कुलूप कधीचंच निकामी आहे, नुसतं ढकललं तरी दार उघडतं. काकीला मी हे सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.