एक्सच्या जागी एस

सोमवार, ४ मार्च

बत्तीस! एका सर्व्हरवर बत्तीस! आणि असे सर्व्हर नऊ.

झालं असं — महिनाअखेरीस हॉस्पिटलची तपासणी आहे. बाहेरून तपासनीस बाई येणार आणि या वेळी आमच्या कॉम्प्युटर विभागाचंही दप्तर उघडणार. साहेब सकाळी दारातूनच म्हणाले, "ते जादा अधिकाराने चालणारे प्रोग्राम असतात ना, त्यांची यादी हवी. कशासाठी आहेत, कुणाला लागतात, सगळं." आणि गेले. सर्व्हर कितव्या मजल्यावर आहेत हे साहेबांना अजून विचारावं लागतं, पण प्रश्न नेमका विचारला. बाईंच्या पत्रातून उचललेला, पण नेमका.

अहवालात लिहायचंच आहे, तर इथे एकदा सोपं करून बघते. साधा प्रोग्राम ज्याने चालवला त्याच्या अधिकारात चालतो. मी चालवला तर माझ्या, लॅबच्या ताईंनी चालवला तर त्यांच्या. पण काही प्रोग्रामांच्या परवानगीत, 'चालवता येईल' असं सांगणाऱ्या एक्सच्या जागी एस असतो. मग चालवणारा कोणी का असेना, प्रोग्राम चालतो त्याच्या मालकाच्या अधिकारात. आणि मालक असतो रूट — म्हणजे मशीनवर ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही तो. पासवर्ड बदलायचा प्रोग्राम असाच असावा लागतो, नाहीतर पासवर्डच्या फाइलीत कुणाला लिहिताच आलं नसतं. म्हणजे एस वाईट नाही. पण असा एक जरी प्रोग्राम भोळा निघाला, की त्याच्या खांद्यावर बसून कोणीही आत.

लेकीने विचारलं, आज काय केलंस? म्हटलं, एस मोजले. "आणि पगार देतात?" म्हणाली. अकरा वर्षांची आहे. जीभ पंचविशीची.

मंगळवार, ५ मार्च

निम्मे तर बिनकामाचेच! एक आहे स्वतःच्या नावापुढचा फोन नंबर बदलायला. गेल्या वीस वर्षांत जगात कुणी वापरला असेल? आणखी एक, काम करताना गट बदलायला. कुणाचा गट? कशाला बदलायचा? एस काढले. नऊ मशीन, एकेक करत, चहा दोनदा गार झाला. संध्याकाळपर्यंत बत्तीसचे चौदा. घर आवरल्यासारखं वाटलं. माझं खरं घर सोडून.

गुरुवार, ७ मार्च

परत आले!! काल रात्री मशीनांनी आपणहून अपडेट घेतले आणि सकाळी बघते तो अठराच्या अठरा एस जागच्या जागी. हाकललेलं मांजर मागच्या दाराने येऊन चुलीपाशी बसावं तसे.

चूक माझीच. प्रोग्रामांचं नवं पॅकेज बसलं की परवानग्या मुळासारख्या होतात. "याचा एस काढलाय, परत लावायचा नाही" असं सिस्टिमच्या एका वेगळ्या यादीत नोंदवावं लागतं. हे मला मास्तरांनी शिकवलं होतं, फळ्यावर लिहून. विसरले. आज अठराही पुन्हा काढले, या वेळी यादीत नोंदवून.

मास्तर म्हणजे माझ्या आधीचे विभागप्रमुख. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सर्व्हरच्या खोलीत खडूचा फळा लावणारा हा एकच माणूस असेल. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. जे येतं ते त्यांनीच शिकवलेलं. पण चार वर्षं झाली तरी हॉस्पिटलात काही बिघडलं की कोणी ना कोणी म्हणतंच, "मास्तर असते तर..." मी हसते. आतून नाही हसत.

शुक्रवार, ८ मार्च

एक अनोळखी सापडला. लॅबच्या सर्व्हरवर. नाव काय तर "सोडव"! कुठल्याही पॅकेजमधला नाही, म्हणजे इथेच कुणीतरी लिहिलेला. मालक रूट. एस लावलेला. पाच वर्षांपूर्वी मशीन बदललं तेव्हा सगळ्याच फाइलींवर त्या दिवसाची तारीख बसली, त्यामुळे खरं वय कळत नाही.

कोणाला लागत असेल हा? सोपा उपाय केला — एस काढून गप्प बसले.

अकरा मिनिटं. अकराव्या मिनिटाला लॅबच्या मुख्य ताई स्वतः जिना उतरून खाली. हातात रक्ताच्या नळ्यांचा ट्रे, एकाही नळीवर लेबल नाही. "सोडव सुटत नाहीये!"

लेबलांचा प्रिंटर अडकला की ताई "सोडव" लिहून एंटर मारतात. रांग मोकळी होते, प्रिंटर चालू. दिवसातून चार-पाच वेळा. कधीपासून? "मी लागले तेव्हापासून आहे, बाई. तुम्ही लोकांनीच दिलंय की." घाईघाईने एस परत लावला. ताई जाताना म्हणाल्या, "मास्तर असते तर आधी विचारायला आले असते."

बरोबर होतं त्यांचं. म्हणूनच लागलं.

सोमवार, ११ मार्च

आज सोडवच्या पोटात डोकावले. सोर्स, म्हणजे लिहिणाऱ्याने लिहिलेला मूळ मजकूर, नाही, पण आतली अक्षरं वाचता येतात. प्रिंटरच्या आज्ञेचं नुसतं नाव लिहिलंय, ती कुठे ठेवलीय तो पूर्ण पत्ता नाही. म्हणजे सोडव त्या नावाची फाइल शोधत जाणार. आणि कुठे शोधायचं, ते ठरवणार चालवणारा!

ताईंना विचारून त्यांच्या साध्या लॉगिनवर बसले. घरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची दोन ओळींची फाइल केली. मशीनला सांगितलं, आधी इथे बघ. आणि लिहिलं — सोडव.

समोर रूट. पासवर्ड नाही, काही नाही. दोन मिनिटं लागली असतील.

याच मशीनवर सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट आहेत. कोणाची साखर, कोणाचं रक्त, कोणाची गाठ. लॅबमधला कोणीही, किंवा लॅबचा पासवर्ड ज्याच्या हाती पडला असा कोणीही, आकडे बदलून, नोंदी पुसून, शीळ घालत घरी.

आणि खरं लिहायचं तर — इथे नाही लिहिणार तर कुठे? — भीतीच्या मागोमाग एक बारीकसा आनंद झाला. मास्तर चुकले! मास्तरही चुकतात!

मंगळवार, १२ मार्च

साहेबांना सांगितलं. ते खुर्चीत ताठ झाले. पहिला प्रश्न, "कोणी वापरलं का हे?" दुसरा, "कोणी लिहिलं?"

पहिल्याला म्हटलं, तपासते. दुसऱ्याला म्हटलं, "मास्तरांच्या काळातलं आहे."

वाक्य खोटं नाही. साहेबांनी वहीत लिहिलं — मास्तर.

गुरुवार, १४ मार्च

सुटले! रूट झालेला माणूस नोंदी पुसू शकतो, म्हणून नुसत्या नोंदींवर विसंबले नाही. रोजचे बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातात, तिथले रिपोर्ट आणि इथले रिपोर्ट दोन दिवस ताडून पाहिले. एक आकडा इकडचा तिकडे नाही. कोणाला त्या भोकाचा पत्ताच नव्हता. देव पावला.

सोडवचा बंदोबस्तही केला. जुना काढून टाकला. सुडो म्हणजे नेमून दिलेल्या कामापुरताच रूटचा अधिकार देणारी सोय, तिच्या फाइलीत एक ओळ घातली — लॅबच्या लोकांना फक्त प्रिंटरची रांग मोकळी करता येईल, पूर्ण पत्त्यासह, बाकी काही नाही, आणि प्रत्येक वेळेची नोंद होईल. ताईंना समजवायला वर गेले.

"म्हणजे आता सोडव नाही? सुडो म्हणायचं?"

"हो, आणि पुढे पूर्ण—"

"बाई, माझ्या हातात हातमोजे असतात."

मग त्याच नावाची साधी फाइल करून दिली. आत ती सुडोची ओळ, अंगात जादा अधिकार शून्य. ताईंनी सोडव लिहिलं. प्रिंटर खरखरला. "काय बदललं?" म्हणाल्या. काहीच नाही म्हटलं. इतकं कौतुकाचं काही गेल्या वर्षभरात कोणी बोललं नव्हतं.

रविवार, १७ मार्च

मास्तरांकडे जाऊन आले. तपासनीस बाईंना सोर्स दाखवायला हवा, म्हणून साहेबांनीच पाठवलं.

मास्तर अंगणात सायकल उलटी करून चेन घालत होते. हात काळे. मला बघून इतके खूश, की तेच हात पुढे केले. काकू म्हणाल्या, "बरं झालं आलीस, दिवसभर मला नव्या इमारतीच्या वायरी समजावतायत." हॉस्पिटलची नवी इमारत होतेय, तिथली सर्व्हरची खोली मांडायला मास्तरांना आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून बोलवायचं जवळपास ठरलंय. त्यांनी वहीच काढली! दारं कुठे, गार हवा कुठून, वायरी कशा. पानन् पान. फळासुद्धा काढलाय, भिंतीवर.

मग मी विषय काढला.

"काय नाव म्हणालीस?"

"सोडव."

माझ्याकडे बघत राहिले जरा. मग हसले. "अजून चालतंय ते?"

"भोक आहे त्यात, मास्तर. पूर्ण पत्ता दिलेला नाही."

"अरेरे. पहिल्या धड्यातली चूक." चेन पुसत बसले. "लेक कितवीत गेली तुझी?"

"सहावीत. मास्तर, ते लिहिलं कोणी, आठवतंय?"

"माझंच असणार. एस लावणारा विभागप्रमुखच ना? लिही माझं नाव."

"आणि सोर्स?"

"तो आता कुठला सापडायला! नको शोधत बसूस. भोक बुजलं ना? झालं तर."

निघताना दारापर्यंत आले. "तुला सापडलं हे छान झालं," म्हणाले. असं म्हणाले की मला खाली बघावं लागलं.

बुधवार, २० मार्च

हॉस्पिटलच्या व्यवस्थापन समितीची बैठक. मी मागच्या खुर्चीत. साहेबांनी माझा अहवाल वाचला. "माजी विभागप्रमुखांनी बसवलेल्या प्रोग्राममधील गंभीर त्रुटी" — हे शब्द माझे नव्हते, साहेबांचे. पण कागदावर नाव माझं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग त्यांनाच नव्या इमारतीत बोलवायचं?" कोणी काही बोललं नाही. मीही नाही. विषय पुढे सरकला. अडीच मिनिटांत मास्तरांचं काम गेलं.

घरी नवऱ्याने विचारलं, "जेवत का नाहीस?" म्हटलं, डबा उशिरा खाल्ला.

शुक्रवार, २२ मार्च

तपासणी झाली. पास! तपासनीस बाई कडक, पण सरळ. बत्तीसचे चौदा केलेले बघून म्हणाल्या, "इतकी स्वच्छ यादी यंदा कुठे पाहिली नाही." साहेब असे हसले जणू एकेक एस त्यांनीच उपटला होता. एकच शेरा पडला — कपाटातल्या जुन्या डिस्क पुसून टाका.

लेकीला सांगितलं. "म्हणजे आता मोजायला काही उरलं नाही. पगार बंद?"

सोमवार, २५ मार्च

मास्तरांचा फोन. समितीचं पत्र पोचलं असणार, म्हणून मी आधी उचलला नाही. पुन्हा आला.

"अगं, पास झालीस असं ऐकलं! शाब्बास!"

पत्राबद्दल अवाक्षर नाही. मीच चाचरत म्हटलं, "मास्तर, ते नव्या इमारतीचं..."

"जाऊ दे गं. सायकल नीट झालीय, फिरतोय मजेत. वही मात्र तू घेऊन जा. तुला लागेल."

फोन ठेवल्यावर मन समजावलं. चूक ती चूक. कोणाचीही असो, कागदावर यायलाच हवी. तेच तर शिकवलं होतं त्यांनी.

बुधवार, २७ मार्च

जुन्या डिस्क पुसायच्या आधी एकदा चाळल्या. सोडवचा सोर्स सापडला. सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये, एकोणीस ओळी. तारीख अकरा वर्षांपूर्वीची — लेक झाली त्याच्या आदल्या आठवड्यातली, माझ्या रजेच्या आदल्या दिवसाची.

अगदी वर, रोमन अक्षरांत पण मराठीत, लिहिलंय : "तात्पुरतं आहे. परत आल्यावर नीट करते."

करते. करतो नव्हे.

त्या विभागात तेव्हा बाई मी एकटीच.

साहेब अजून निघाले नसतील. सांगून येते.